‘बाई, मी कायनेस्थेटिक आहे की’: सोलापुरातल्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहरातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक,
तसेच पालक-शिक्षक संघांचे सर्व सभासद

स. न. वि. वि.

यंदा शाळा सुरू होऊन दोनच आठवडे झाले होते. आमच्या अभ्यासिकेत येणारा आठवीतला एक मुलगा इतिहासाचं पुस्तक मिटून बसला होता. ‘धडा वाच की रे,’ म्हटलं, तर शांतपणे म्हणाला, ‘बाई, मला वाचून येणार नाही. मी कायनेस्थेटिक आहे की.’ एवढा अवघड शब्द त्याला न अडखळता म्हणता आला, याचंच मला आधी कौतुक वाटलं. मग त्यानं दप्तरातून चार पानांचा गुळगुळीत अहवाल काढला. आत एक रंगीत वर्तुळ आणि त्याच्या तीन फाका: पाहून शिकणारा इतके टक्के, ऐकून शिकणारा इतके, करून शिकणारा, म्हणजेच कायनेस्थेटिक, सगळ्यात जास्त. खाली सल्ला असा, की या विद्यार्थ्याला दीर्घ वाचनाचा ताण देऊ नये. शाळेत बाहेरची माणसं आली, वीस मिनिटांत प्रश्नावली भरून घेतली आणि प्रत्येक मुलामागे साडेचारशे रुपये घेऊन गेली. या मुलाची आई घरी विड्या वळते. साडेचारशे रुपयांसाठी किती पानं कातरावी लागतात, ते शहराच्या पूर्व भागात कुणालाही विचारा.

शाळेचं नाव लिहीत नाही. एकाच शाळेत हे झालं असतं तर मुख्याध्यापकांना समक्ष भेटून बोलले असते. पण पुढच्या महिनाभरात आणखी तीन शाळांतली मुलं असेच कागद घेऊन आली, म्हणून सगळ्यांना मिळून लिहिते आहे.

मी सत्तावीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर अशोक चौकाच्या पुढे दोन खोल्यांत संध्याकाळची अभ्यासिका चालवते. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे चार माग आहेत. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू, उरलेली मराठी. खटखट सुरू असते आणि आम्ही त्यावर आवाज चढवून बोलतो. माझ्या घशाचं पेन्शन वेगळं मिळायला हवं होतं.

आता आधी माझाच गुन्हा सांगते. २००९ साली एका प्रशिक्षणातून मी ही प्रश्नावली घेऊन आले होते. नवं काही हाती लागलं की शिक्षकाला हुरूप येतोच. नववीच्या वर्गाला ती भरायला लावली, झेरॉक्सचे पैसे पदरचे घातले आणि वर्गात तीन रांगा केल्या: बघणारे, ऐकणारे, करणारे. एक हुशार मुलगी ऐकणाऱ्यांत गेली. आकृत्या काढायचा तिला आधीपासून कंटाळा होता. आता त्या कंटाळ्याला शास्त्राचा शिक्का मिळाला. ‘बाई, मला ऐकून येतं,’ असं ती म्हणायची आणि मी मान डोलवायचे. दहावीच्या सराव परीक्षेत भिंगाच्या प्रश्नाला तिनं पाऊण पान लिहिलं. भाषा सुरेख, एकही शब्द चुकलेला नाही, आणि किरणाकृतीच्या जागी मोकळा कागद. तोंडी विचारलं तर ‘वास्तव आणि उलट प्रतिमा’ असं घडाघडा म्हणाली. ती प्रतिमा पडदा धरला तर कुठे मिळेल, ते मात्र तिला दाखवता येईना. पुढे दोन महिने शाळा सुटल्यावर बसून आम्ही ते निस्तरलं. ती रांग मी लावली होती, तिनं नव्हे.

ही कल्पना आली कुठून तेही सांगायला हवं, कारण ज्यानं मांडली त्याच्यावर माझा राग नाही. ‘व्हार्क’ नावाची प्रश्नावली सगळ्यात जास्त फिरते. ती न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची, १९९२ सालची. फ्लेमिंग शाळातपासनीस होते. उत्तम शिक्षकांच्या वर्गातही काही मुलं कोरडी राहतात आणि सुमार शिक्षकांच्या वर्गातही काही मुलं पुढे जातात, हे त्यांनी पाहिलं आणि त्याचं कारण शोधायला निघाले. बघणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि हातानं करणं अशा चार आवडी त्यांनी धरल्या. आवड म्हणजे कुवत नव्हे हे ते सांगत होते. विद्यार्थ्यानं स्वतःच्या अभ्यासाकडे वळून बघावं, त्याची सुरुवात या प्रश्नांनी व्हावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यांच्या ‘बघणं’मध्ये आकृत्या, नकाशे, आलेख येतात, चित्रफिती येत नाहीत. आपल्याकडच्या अहवालात मात्र ‘पाहून शिकणाऱ्या’ मुलांना पहिला सल्ला व्हिडिओ लावून द्या असा असतो. आणि फ्लेमिंग यांच्या चार आवडींतली वाचण्या-लिहिण्याची आवड या मुलांच्या कागदावरून चक्क गळूनच गेली आहे. शाळेच्या मुलांना दाखवायच्या कागदावरून नेमकं वाचनच गळावं, हे मला अजून पचलेलं नाही.

फ्लेमिंग एकटे नव्हते. २००४ साली ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शिकण्याच्या शैलींचे किती आराखडे बाजारात आहेत ते मोजलं, तेव्हा ७१ निघाले. एकच मूल एका आराखड्यात एका खणात बसतं आणि दुसऱ्यात दुसऱ्याच. मग २००८ मध्ये पॅश्लर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्योर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी रोखठोक प्रश्न विचारला. शैलीप्रमाणे शिकवल्यानं फायदा होतो हे सिद्ध करायचं असेल तर काय करावं लागेल? बघणारी आणि ऐकणारी अशी मुलं वेगळी करा. दोन्ही गटांतल्या निम्म्या मुलांना चित्रांनी शिकवा, निम्म्यांना बोलून, आणि कुणाला काय मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. बघणाऱ्यांना चित्रांनी आणि ऐकणाऱ्यांना बोलण्यानं जास्त आलं, तर दावा खरा. असं नीट करून पाहिलेले प्रयोग त्यांना फारच थोडे सापडले, आणि त्यातल्या काहींचे निष्कर्ष दाव्याच्या उलटच होते. शाळांनी यावर पैसा आणि वेळ घालवावा असा पुरावा नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या मुलांना व्हार्क भरायला देऊन त्यांच्या अभ्यासावर लक्ष ठेवलं गेलं. बहुतेकांनी आपल्या निकालाप्रमाणे अभ्यास केलाच नाही, आणि ज्यांनी केला त्यांचे गुण काही वाढलेले दिसले नाहीत.

याचा अर्थ आवडनिवड खोटी, असं मुलांना सांगू नका. ती खरी असते. कुणाला मोठ्यानं म्हटल्याशिवाय चैन पडत नाही, कुणाला चार रंगांची पेनं लागतात, कुणी येरझाऱ्या घालतो. मला स्वतःला पायावर पाय टाकून खाटेवर वाचायला आवडतं आणि त्या अवस्थेत मला पंधरा मिनिटांत झोप लागते. आवडतं आणि येतं यांतला फरक मला त्या खाटेनं शिकवला.

या फरकावरचा एक प्रयोग मी दरवर्षी मुलांना सांगते, कारण आकडे ऐकून ती खरोखर दचकतात. २००६ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी कॉलेजच्या मुलांना दोन छोटे उतारे दिले. एक सूर्यावरचा, एक समुद्रातल्या पाणमांजरावरचा. एक उतारा लागोपाठ दोनदा वाचायचा. दुसरा एकदा वाचायचा आणि मग कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहायचा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा ८१ टक्के आठवला आणि आठवून लिहिलेला ७५ टक्के. ज्यांची परीक्षा आठवड्यानं घेतली त्यांच्यात मात्र पारडं फिरलं: दोनदा वाचलेला ४२ टक्के, आठवून लिहिलेला ५६ टक्के. पुन्हा पुन्हा वाचणं सोपं जातं, गुळगुळीत वाटतं, म्हणून आवडतं. पुस्तक मिटून आठवायला बसलं की घाम फुटतो, म्हणून नको वाटतं. मुलाला ‘तुला कसं शिकायला आवडतं’ एवढंच विचारलं, तर ते बिचारं पाच मिनिटांचं उत्तर देतं. परीक्षा मार्चमध्ये असते.

माझे वडील जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणायच्या, मागावर चादरी विणायचे. थोरला भाऊ त्यांच्या हाताखाली शिकला. आधी वर्षभर नुसत्या कांड्या भरल्या. मग तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला शिकला. वडील कमी बोलायचे. सगळ्यात जास्त म्हणायचे ते एकच: ‘आवाज ऐक.’ पाठ करून उभे असले तरी कुठल्या मागाचा धागा गेला ते त्यांना कळायचं. आवाजावरून माग थांबवायचा, डोळ्यानं तुटलेलं टोक शोधायचं, बोटांनी गाठ मारायची. भाऊ ‘बघणारा’ आहे की ‘ऐकणारा’, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मागाला त्याची काय पर्वा? त्या कामाला तिन्ही लागत होतं, म्हणून तिन्ही शिकावं लागलं.

पुस्तकातल्या धड्यांचंही तेच आहे. नकाशा डोळ्यांनीच शिकायचा, कितीही ‘श्राव्य’ मूल असलं तरी भीमा उजनीतून पंढरपूरकडे कशी वळते हे ऐकून डोक्यात बसत नाही. आर्या वृत्तातली कविता कानानं शिकायची, मात्रा मोजून दमलेल्या मुलाला ती चालीत म्हणून दाखवली की यती, म्हणजे थांबायची जागा, कुठे आहे ते लगेच कळतं. भिंगाला हात लावायचा, उन्हात नेऊन कागदावर ठिपका पाडायचा, अंतर मोजपट्टीनं मोजायचं, आणि तरीही शेवटी किरणाकृती काढायचीच, कारण ठिपका का पडला ते आकृतीतच दिसतं. पद्धत धड्याप्रमाणे बदलते. एकाच मुलाला सोमवारी कान लागतात आणि मंगळवारी डोळे.

मग मुलामुलांत फरक नाहीच का? आहे, भरपूर आहे. पण तो या प्रश्नावलीत येत नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे.

सातवीतल्या एका मुलाच्या अहवालात ‘श्राव्य’ ठळक अक्षरांत होतं. त्यानं उत्तरं प्रामाणिक दिली होती. फळ्यावरचं वाचायला आवडतं का? नाही. कुणी सांगितलेलं लवकर कळतं का? हो. वर्गात बाई बोलतात त्यावरच तो जगत होता. आमच्याकडे तो वही नाकाला लावून लिहायचा. एके दिवशी दाराबाहेरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली तर पुढे चालायला लागला. डोळे तपासले, अडीचचा नंबर निघाला. चष्मा लागल्यावर पंधरा दिवसांत त्याची ‘शैली’ बदलली! चेष्टा करत नाही, त्याच्या वर्गशिक्षकांनी मला गंभीरपणे तसं विचारलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत तपासणी व्हायला हवी, २०१३ पासून ती योजना आहे. पण तपासणीच्या दिवशी मूल गैरहजर असलं तर ते वर्षभर गैरहजरच राहतं.

दुसरी गोष्ट भाषेची. सहावीतल्या एका मुलीला ‘बाष्पीभवन’ हा शब्द पाठ होता, अर्थ शून्य. तिचं घर तेलुगू. मी विचारलं, अम्मा भात शिजवते तेव्हा झाकणाखालून काय येतं? ‘आविरी,’ ती म्हणाली. शेजारची कन्नड मुलगी लगेच, ‘आमच्यात आवि म्हणतात.’ मराठी मुलगा म्हणाला, ‘वाफ.’ तीन शब्द फळ्यावर लिहिले आणि धडा दहा मिनिटांत संपला. त्या मुलीला तिच्या अहवालानं ‘पाहून शिकणारी’ ठरवलं होतं. साहजिकच आहे. ज्या भाषेत शिकवतात ती अर्धीच कळत असेल तर मूल चित्रांचाच आधार शोधणार. चार भाषांच्या या शहरात ‘चित्रं आवडतात का’ हा प्रश्न विचारून आपण भलतंच काही मोजतो आहोत. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असं २०२० चं राष्ट्रीय धोरण म्हणतं. धोरण राहू द्या, निदान मुलाला घरचा शब्द वर्गात उच्चारायची मुभा तरी द्या.

तिसरी सगळ्यात काळजीची. काही मुलांना अक्षरं खरोखर उलटसुलट दिसल्यासारखी होतात, वाचताना ओळ सुटते, ऐकलेलं मात्र सगळं समजतं. अशा मुलाला ‘ऐकून शिकणारा’ अशी गोड चिठ्ठी लागली की आईवडील निर्धास्त होतात. ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, तपासणी करून प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, आणि वाचायला शिकवण्याच्या खास पद्धती आहेत. चिठ्ठीमुळे दोन वर्षं गेली तर ती कुणी परत देत नाही.

आणि चौथी, जी कुठल्याच तज्ज्ञाच्या कागदावर सापडायची नाही: पाणी. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि कधी येईल ते पाणी ठरवतं. पहाटे तीनला आलं तर घरातलं शाळकरी पोर उठतं, कारण आईला सकाळी विड्यांचा माल द्यायला जायचं असतं आणि बाप रात्रपाळीहून आलेला नसतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला ते डुलकी घेतं. शिक्षक लिहितात, ‘लक्ष देत नाही.’ प्रश्नावली लिहिते, ‘व्याख्यान पद्धत मानवत नाही.’

या पाण्यावरूनच आमच्या अभ्यासिकेतली एक रीत सुरू झाली, आणि ती माझ्या नव्हे तर दहावीतल्या एका मुलीच्या डोक्यातून निघाली. पिंप भरायला पाऊण तास लागतो, तिथून हलता येत नाही, दिवा पुरेसा नसतो. ती म्हणाली, पुस्तक वाचता येत नाही, मग मी नुसतं आठवत बसते. मागच्या पाण्यापासून या पाण्यापर्यंत जे झालं ते पहिल्या धड्यापासून मनात म्हणायचं. अडलं तिथे खडूनं पिंपावर खूण करायची आणि सकाळी तेवढंच पुस्तकात बघायचं. तिनं ते असंच, वेळ घालवायला सुरू केलं होतं. मी ऐकून थक्क झाले. हर्मान एबिंगहाउस यांनी जर्मनीत स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली जे मांडलं ते हेच होतं: शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, आणि तीच उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांच्या अंतरानं केली तर कमी कष्टात टिकते. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं या दोन वर आल्या. रंगीत पेनानं ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाला गेलं. आमच्या मुलीनं वरच्या दोन्ही गोष्टी महापालिकेच्या वेळापत्रकावर बसवल्या होत्या. आता आमच्याकडे उजळणीला ‘पाणी’च म्हणतात. ‘त्रिकोणमितीला किती पाणी झालं?’ ‘तीन झालं बाई.’ मग मी निश्चिंत.

गड्ड्याच्या यात्रेचंही उदाहरण मुलांना चटकन पटतं. नंदीध्वजाची उंच काठी पेलायचा सराव यात्रेच्या आदल्या रात्री कुणी करत नाही. कितीतरी दिवस आधीपासून संध्याकाळी सुरू होतो. आणि संक्रांतीला बाराबंदीचा पांढरा पोशाख घातल्यावर काठी हललीच, तर ‘मी ऐकून शिकणारा आहे’ म्हणून चालत नाही.

आता तुम्ही विचाराल, मग मुलांना ओळखायचं कसं? माझ्यापाशी कुठली चाचणी नाही. नवं मूल आलं की आठवडाभर मी त्याला हवा तसा अभ्यास करू देते आणि बघते. शनिवारी पुस्तक मिटून त्याला सोमवारचा धडा एका कोऱ्या पानावर काढायला सांगते. शब्दांत, चित्रांत, कसाही, घरच्या भाषेतले शब्द चालतील. मग ते पान आणि पुस्तक शेजारी ठेवून आम्ही दोघं बघतो. कुठे गळलं? नावं गळली, क्रम गळला, की कारण गळलं? पुढच्या आठवड्यात त्याप्रमाणे एकच गोष्ट बदलायची आणि शनिवारी पुन्हा कोरं पान. सहा-सात शनिवारांत मुलाला स्वतःबद्दल असं काही कळतं जे त्या वर्तुळाच्या फाकांत नव्हतं. एका मुलाला कळलं की मोठ्यानं म्हटल्यानं कविता टिकते पण सनावळी टिकत नाही, सनावळीला त्याला रेघ आखून तिच्यावर ठिपके मारावे लागतात. हे त्याचं त्यानं पकडलं. आणि पुढच्या वर्षी हेही बदलेल, हे त्याला ठाऊक आहे.

कायनेस्थेटिक मुलाचं काय झालं, तेही सांगते. त्याचा अहवाल मी खोटा ठरवला नाही. त्याला बसवत नाही, हे डोळ्यांना दिसत होतं. म्हटलं, चल, उभ्यानं कर. १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात पुकारलेल्या मार्शल लॉचा, म्हणजे लष्करी अमलाचा, भाग आम्ही चालत केला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांची नावं त्यानं हुतात्मा चौकात पुतळ्यांसमोर उभं राहून वाचली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. पोराला आनंद झाला. पण शनिवारी कोऱ्या पानावर त्यानं चार नावं लिहिली आणि पुढे गाडी थांबली. मार्शल लॉ का पुकारला, ते काहीच नाही. ते पायांना कळलं नव्हतं. तेव्हा त्यानं स्वतःहून पुस्तक उघडलं आणि चार पानं बसून वाचली. दीर्घ वाचनाचा ताण त्याला झाला असेल तर तसं तो काही बोलला नाही.

आपल्याकडे माझ्या मागण्या फार नाहीत. बाहेरची संस्था चाचणी घेऊन आली तर शुल्क बोलण्याआधी तिला एकच विचारा: आमच्या शाळेतल्या दोन तुकड्यांवर करून दाखवाल का? एका तुकडीला तुमच्या अहवालाप्रमाणे अभ्यास, दुसरीला अहवाल मिसळून, भलत्याच मुलाचा. तिमाहीला गुण बघू. माझ्या अंदाजानं ती माणसं चहासुद्धा घेणार नाहीत. ज्यांनी आधीच पैसे घेतले आहेत त्यांच्याकडे ते परत मागा, निदान विड्या वळणाऱ्या आणि मागावरच्या घरांचे तरी. शनिवारचा एक तास कोऱ्या पानासाठी द्या, त्याला पैसा लागत नाही. डोळ्यांच्या तपासणीला गैरहजर राहिलेल्यांची यादी वर्गात लावा आणि ती संपेपर्यंत काढू नका. आणि सेवापुस्तकात नोंद व्हावी म्हणून जी प्रशिक्षणं होतात त्यांत हे रंगीत वर्तुळ अजूनही शिकवलं जात असेल, तर माझ्यासारख्या एखाद्या म्हातारीला मागच्या बाकावर बसू द्या. मी शांत बसेन असं वचन देत नाही.

पालक-शिक्षक संघातल्या आयाबापांना एवढंच: पाहुण्यांसमोर ‘आमची ही व्हिज्युअल आहे हं’ असं म्हणू नका. मुलं ऐकत असतात. ‘हा गणितात कच्चा’ ही जुनी ओळख आणि ही नवी ओळख यांत फरक फक्त छपाईचा आहे. त्याऐवजी रात्री विचारा, आज काय विसरलास? पहिल्या दिवशी पोर बावचळेल. तिसऱ्या दिवशी उत्तर देईल.

कुणाला हे सगळं चूक वाटत असेल तर जरूर सांगा, मी यायला तयार आहे. पालकसभेत बोलवा, शिक्षकांच्या बैठकीत बोलवा, तीन शनिवारांची कोरी पानं घेऊन येते, मुलांची नावं झाकून. वेळ तुमच्या सोयीची ठेवा. फक्त आमच्या भागात पाणी यायचा दिवस सोडून.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
अशोक चौक परिसर, सोलापूर